उतावळ्याचा उजवा हात

हिकरी फोर्ड गावातल्या तमाम पुरुषांनी ऑर्विल प्रूइटच्या खुर्चीत बसून केस कापून घेतले आणि कापता कापता आपली मासे धरायची गुपितं सांगून टाकली. मानेवर वस्तरा असला की माणूस खोटं कमी बोलतो, असं ऑर्विल म्हणायचा. त्यामुळे धरणाच्या पाण्यात कुठल्या फाट्यावर, कुठल्या पडक्या झाडाखाली बास मासा दबा धरून बसतो, हे त्याला घरबसल्या कळायचं. पण कळणं वेगळं आणि मासा होडीत येणं वेगळं. तिथे ऑर्विलचा स्वभाव आडवा यायचा.

स्वभाव म्हणजे घाई. केस कापायला ती बरी. शनिवारी दुकानात रांग लागली तरी बारा वाजेपर्यंत सगळ्यांची डोकी उरकलेली असायची. पण वसंत सरता सरता, मे महिन्यात, बास धरायला जो माणूस घाई करेल तो उपाशी मेला. त्या दिवसांत बासची अंडी घालून झालेली असतात, तो भुकेला आणि चिडका असतो, आणि पाण्याच्या वर काही हललं की झेप घेतो. म्हणून आमच्याकडे तेव्हा तरंगणारं लाकडी आमिष टाकतात. त्याला पॉपर म्हणतात. तोंडाशी वाटीसारखा खोलगट असतो, दोरीला हलकासा ताण दिला की पाण्यावर 'बुळुक' करतो. पाणी उडतं, फेस होतो, काळजाचा ठोका चुकतो. पण पाणी उडालं म्हणजे मासा लागला असं नाही. आमिष अजून त्याच्या तोंडात गेलेलंच नसतं. दोरीवर वजन लागेपर्यंत हात आवरायचा आणि मग गळाची काठी उचलायची, एवढीच काय ती सगळी विद्या.

ऑर्विलला ती आयुष्यात जमली नाही. पाणी उडालं रे उडालं की हा काठीला असा हिसका द्यायचा की पॉपर माशाच्या तोंडापुढून उडून थेट होडीत यायचा. कधी टोपीत, कधी बाहीत. एकदा तर हर्शेल टिपटनच्या कानात.

"मासा बिचारा तोंड उघडतोय तोवर तू ताट उचलतोस," हर्शेल म्हणायचा. "उतावळ्या, अरे पाहुण्याला निदान बसू तरी दे!"

हर्शेल म्हणजे ऑर्विलचा शाळेपासूनचा दोस्त. होडीच्या घाटाशी त्याचं गळ, दोऱ्या आणि थंड पेयांचं दुकान. 'उतावळ्या' हे नाव त्यानेच ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा.

आमच्याकडे मे महिन्यातल्या एका रविवारी टेकडीवरच्या कबरींवर फुलं वाहतात. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि पूर्वजांना उचलून टेकडीवर नेलं, तेव्हापासून त्या दिवसाचं महत्त्व जास्तच. त्याच्या आदल्या शनिवारी बाया फुलं बांधतात आणि म्हातारे पहाटे पाण्यावर जातात. त्या दिवशी फक्त तरंगतं आमिष, दुसरं काही चालत नाही. ऊन पाण्यावर पसरलं की सगळे जुन्या रस्त्यावर परततात. हा रस्ता टेकडीवरून उतरतो आणि सरळ पाण्यात शिरतो. तोच आमचा घाट. मासा जिवंत आणायचा, सगळ्यांना दाखवायचा आणि सोडून द्यायचा. मग लोखंडी कढईत डुकराचे सॉसेज आणि त्यांचा दाट रस्सा होतो, पावासारखी मऊ, गरम बिस्किटं फोडून त्यात बुडवून खातात. आणि ज्याला एकही मासा मिळाला नाही, त्याने ती कढई घासायची. साबण लावायचा नाही, मीठ आणि फडकं. कढई घासण्याचा मान बहुतेक वर्षी ऑर्विलकडेच असायचा.

गेल्या शरद ऋतूत पाद्रीबुवांचे केस कापता कापता ऑर्विलच्या हातून कात्री खाली पडली. तो वाकायला गेला आणि वाकलेलाच राहिला. अर्धांगवायू. पाद्रीबुवा अर्ध्या कापलेल्या डोक्याने त्याच्यासोबत रुग्णवाहिकेत बसून गेले आणि पुढचा आठवडाभर तसेच हिंडले. दुसऱ्या कुणाकडून कापून घेणं त्यांच्या जिवावर आलं.

ऑर्विल वाचला. बोलणं परत आलं, पाय परत आला. उजवा हातही आला, पण उशिरा येणारा झाला. ऑर्विलने मनात म्हणावं 'उचल', आणि हाताने जरा वेळ विचार करून उचलावं. नवखा नोकर हाक ऐकतो पण उठायला वेळ लावतो, तसं. असल्या हाताने कुणाच्या मानेवर वस्तरा धरणार? दुकानाच्या दारावर पाटी लागली.

हे सगळं त्याने सोसलं. सोसलं नाही ते लोकांचं गोड बोलणं. हिवाळाभर जो तो दारात जेवणाचं वाडगं घेऊन हजर. "ऑर्विलभाऊ, कसं वाटतंय?" भाऊ! ज्या तोंडांनी त्याला जन्मभर उतावळ्या म्हटलं, त्या तोंडांतून 'भाऊ' ऐकून त्याला मेल्यासारखं झालं. सगळ्यांत वाईट म्हणजे हर्शेल. मे महिन्यात, त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी तो आला, पायरीवर बसला आणि टोपी हातात फिरवत म्हणाला, "शनिवारी ये हं. मासे धरलेच पाहिजेत असं काही नाही. नुसता बस, खा. आणि कढईचं मनावर घेऊ नकोस. तुला नाही घासायला लावणार कुणी."

हर्शेलची गाडी वळणाआड गेल्यावर ऑर्विल आत आला आणि बायकोला म्हणाला, "नेल्डा, डॅरेलला फोन लाव. म्हणावं, होडी घेऊन जा."

डॅरेल हा त्याचा पुतण्या. होडी त्याने कधी मागितली नव्हती, पण दिली तर नाही म्हणणाऱ्यांतला तो नव्हता.

नेल्डा प्रूइट शाळेची बस चालवायची. डोंगरातल्या वळणांवर, बर्फात, पाठीमागे बसभर पोरांचा दंगा, आणि बाईने कधी आवाज चढवला नाही. नुसतं आरशात बघायची. आताही तिने तसंच बघितलं.

"का?"

"कढई माफ केली मला. ऐकलंस ना? म्हणजे मी संपलो. संपलेल्या माणसाला होडी कशाला?"

"होडी तुझी आहे, दे नाहीतर जाळ," नेल्डा म्हणाली. "पण शनिवार होऊ दे आधी."

"होऊन काय होणारे?"

"ते मला काय माहीत? मी मासे धरते का?"

मग त्यानेच अट घातली. शनिवारी एक मासा, फक्त एक, स्वतःच्या हाताने होडीत आला तर होडी राहील. नाही आला तर दुपारी डॅरेल येईल आणि घेऊन जाईल. नेल्डाने फोनवर डॅरेलला शनिवारी दुपारचं सांगितलं. फोन ठेवला आणि म्हणाली, "तुझ्याबरोबर होडीत कोण असणार?"

"हर्शेल नको. त्याच्या तोंडात साखर झालीये."

"मग मी येते."

लग्न झाल्यापासून नेल्डा त्या होडीत कधी बसली नव्हती. पाण्यावर बसून पाण्याकडे बघण्यात काय मजा आहे, हे तिला कधी कळलं नाही.

शनिवारी झुंजूमुंजू होताना तिने मोटारीला जोडलेली होडीची गाडी मागे घेत घेत जुन्या रस्त्यावरून अशी पाण्यात नेली की घाटावरचे दोघे-तिघे म्हातारे कॉफी प्यायचे थांबले. इतकी वर्षं ऑर्विल हेच करताना दोनदा तरी खड्ड्यात जायचा. हर्शेलने हात वर करून गोड आवाजात "सावकाश हं, ऑर्विलभाऊ" म्हटलं. ऑर्विलने तोंड फिरवलं.

नेल्डाने सोबत वाटाण्याच्या शेंगांची पिशवी आणली होती. दुपारच्या जेवणाला सोलून हव्या होत्या, आणि रिकाम्या हातांनी बसणं तिच्या रक्तात नव्हतं. मागच्या फळीवर बसून एका हाताने तिने मोटर धरली आणि ऑर्विलने दाखवलं तिकडे, पाण्यावर झुकलेल्या वाळुंज झाडांच्या काठाला, होडी नेली. जागा अशी की त्या दिवसांत पाणकिडे फांद्यांवर लोंबकळत असतात. एखादा खाली पडला की छोटी चपटी मासळी 'टप' करून गिळते, आणि त्या मासळीवर डोळा ठेवून खाली बास असतो. काठावर मधुमालतीसारख्या वेलीला बहर आला होता आणि पाण्यावर त्याचा वास तरंगत होता. फांद्यांखाली टप टप चालूच होती.

"ही कसली टपटप?" नेल्डाने विचारलं.

"न्याहारी. आता हळू बोल."

"मी काय ओरडतेय?"

ऑर्विलने काठी डाव्या हातात घेतली. हिवाळाभर परसात जुन्या टायरवर नेम धरून त्याने डाव्या हाताने फेकायचा सराव केला होता. पॉपर बरोबर फांदीच्या टोकाखाली पडला. बुळुक. थोडं थांबून पुन्हा बुळुक. आणि त्या पॉपरखालचं पाणी एकदम फुटलं.

डावा हातही शेवटी ऑर्विलचाच. त्याने असा हिसका दिला की पॉपर सूं करत परत आला आणि नेल्डाच्या वाटाण्यांच्या पिशवीत जाऊन रुतला.

नेल्डाने पिशवीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "ह्याला मासे धरणं म्हणतात?"

"गेला," ऑर्विल म्हणाला. "मोठा होता गं. ढोपराएवढा. गेला."

त्याने आणखी दोनदा टाकून बघितलं. पुढच्या फांदीशी पुन्हा एक उसळला, पुन्हा हिसका, पुन्हा काहीच नाही. ऊन टेकडीच्या माथ्यावर येऊन थांबलं होतं, आता उतरायला वेळ लागणार नव्हता. ऑर्विलने काठी होडीच्या तळाशी ठेवली. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

"चल घरी. ह्या हाताला अक्कल नाही आणि त्या हातात जीव नाही. घेऊन जाऊ दे डॅरेलला."

नेल्डाने शेंगा बाजूला ठेवल्या. पिशवीतून तिने एक पट्टा काढला, काळा, रुंद, टोकाला शिवलेला. बसमध्ये पोरांच्या सीटला असतो तसला पट्टा होता तो. बस मोडीत निघाली तेव्हा तिने आठवण म्हणून कापून ठेवला होता आणि गुरुवारी रात्री शिवायला बसली होती.

"उजवा हात आण इकडे."

"तो कशाला? तो दुसऱ्या दिवशी हलतो."

"आण म्हटलं ना."

तिने काठीची मूठ त्याच्या उजव्या तळव्यात ठेवली आणि मनगटासकट पट्ट्याने बांधली, घट्ट, पण रुतेल अशी नाही. "आता सुटणार नाही. ह्याने धर, दोरीचं रीळ डाव्याने फिरव."

"नेल्डा, मासा येऊन जाईल, बायकापोरांना भेटून येईल, तेव्हा हा हात उचलेल."

"मग उचलू दे. तुला काय घाई आहे?"

दोन्ही हातांनी मिळून त्याने पॉपर फेकला. वाकडा पडला, फांदीपासून हातभर लांब. मनगट हलवायला सांगितलं तर हाताने बराच वेळ घेतला. पाण्यावरची वलयं पसरली, विरली, पाणी पुन्हा काचेसारखं झालं, आणि तेव्हा कुठे एक आळशी 'बुळुक' निघाला. पुन्हा तेवढीच शांतता. ऑर्विल दात-ओठ खात बसला होता. एवढा हळू पॉपर त्याने जन्मात चालवला नव्हता.

फांदीच्या सावलीतून काहीतरी निघालं. पाण्याखाली एक फुगवटा पॉपरकडे सरकला, थांबला. मग पाणी फुटलं आणि पॉपर दिसेनासा झाला.

ऑर्विलच्या मनाने त्याच क्षणी हिसका दिला. खांदे उडाले, टोपी सरकली, तोंडातून शिवी गेली. उजवा हात मात्र मांडीवर होता तिथेच होता. प्रवचनात डुलकी लागलेल्या माणसासारखा. दोरी पाण्यावर सरकू लागली, एका बाजूला, सावकाश. ताणली. काठीचं टोक वाकलं. आणि मग, आपल्या सवडीने, हात उठला.

काठी कमानीसारखी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"लागला!" ऑर्विल किंचाळला. "नेल्डा, लागला!"

"मग मला काय सांगतोस? ओढ!"

बास बाहेर उसळला, डोकं झटकलं, पुन्हा खाली गेला आणि मुळांकडे धावला. ऑर्विल डाव्या हाताने रीळ फिरवत होता, उजवा हात पट्ट्यात बांधलेला, सुटायचा प्रश्नच नव्हता. नेल्डाने न सांगता मोटर चालू केली आणि होडी काठापासून मागे घेतली, जशी अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला की बस घ्यायची. मासा मुळांपासून सुटून मोकळ्या पाण्यात आला, दोनदा होडीखालून फिरला, आणि शेवटी दमून कुशीवर झाला.

"जाळं?" ऑर्विलने विचारलं.

जाळं घरी, ओसरीवर, खिळ्याला टांगलेलं होतं.

"खालचा ओठ धर अंगठ्याने. पण गळाचे काटे सांभाळ, तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात आहेत."

नेल्डा वाकली. दंगा करणाऱ्या पोराचं बखोट धरायची त्याच सराईतपणे तिने बासचा खालचा ओठ धरला आणि त्याला होडीत घेतलं. हिरवा, जाडजूड, कुशीवर काळा पट्टा. दोघंही त्याच्याकडे बघत बसली. मग ऑर्विल हसायला लागला. हसता हसता रडायला लागला आणि पुन्हा हसायला लागला.

"हे झालं कसं?" तो म्हणाला. "मी तर हिसका दिला होता गं. दरवेळेसारखाच दिला होता."

"तू दिलास. हाताने नाही ऐकलं." नेल्डाने होडीतल्या बर्फाच्या पेटीत पाणी भरून मासा त्यात सोडला. "माझ्या बसचा एवढाच तर नियम होता. गाडी थांबल्यावर दार उघडायचं, आधी नाही. तू आयुष्यभर चालत्या गाडीचं दार उघडत आलास."

ऑर्विलने पट्ट्यातल्या हाताकडे पाहिलं. महिनोन्महिने तो त्या हातावर रागावलेला होता. जेवताना त्याला मांडीवर दडवायचा, लोकांसमोर खिशात कोंबायचा. आता त्याने डाव्या हाताने तो हळूच थोपटला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

ते घाटावर आले तेव्हा कढईत रस्सा उकळत होता. पाद्रीबुवांनी पुढे होऊन होडी धरली. हर्शेल खुर्ची उघडून ती सावलीत ओढत होता.

"ये, ऑर्विलभाऊ. इथे बस. नेल्डाबाई, कॉफी? आणि भाऊ, तू दमला असशील ना? काही मिळालं नाही तरी—"

ऑर्विलने बर्फाच्या पेटीचं झाकण काढलं.

हर्शेल वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. म्हातारे जमले. कुणीतरी शीळ घातली. पाद्रीबुवा म्हणाले की हा मासा सकाळपासूनचा सगळ्यांत मोठा आहे आणि देवाची करणी अगाध आहे. त्यावर नेल्डा म्हणाली की देव होताच, पण मोटर तिने चालवली.

"उजव्या हाताने?" हर्शेलने विचारलं.

"उजव्या हाताने," ऑर्विल म्हणाला. "डाव्याने दोन घालवले आधी."

त्याने मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, पुढे-मागे हलवला, आणि बासने शेपटी मारून त्याच्या अंगावर पाणी उडवत जुन्या रस्त्याच्या खोलात दडी मारली. मग सगळे जेवायला बसले. ऑर्विलने बिस्किटं खाल्ली, रस्सा पुसून खाल्ला, आणि कढई रिकामी होताना बघून सहज विचारलं, "आज घासायची कुणाकडे आहे?"

मग एकाने हनुवटीने हर्शेलकडे दाखवलं. हर्शेल रस्त्यावरच्या खड्यांकडे बघत होता.

"एकही नाही?" ऑर्विलने विचारलं.

"वारा फिरला," हर्शेल पुटपुटला.

वारा अजिबात फिरलेला नव्हता. ऑर्विल उठला, हर्शेलजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गुरुवारच्या त्या पायरीवरच्या मऊ आवाजात म्हणाला, "मनावर घेऊ नकोस, हर्शेलभाऊ. तू नुसता बस. तुला नाही घासायला लावणार कुणी."

हर्शेलने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर आधी काही नव्हतं, मग हळूहळू सगळं उमटलं. तो लाल झाला, कानापर्यंत, त्या कानापर्यंत ज्यावर पॉपरचा जुना व्रण होता. घाटावर कुणी हसलं नाही.

मग नेल्डाने खिशातून फोन काढला. "डॅरेल? अरे, दुपारी ये जेवायला. वाटाणे आहेत. नाही, होडी न्यायला गाडीला मागे काही जोडून आणू नकोस. रिकामाच ये."

हर्शेलने ते ऐकलं. होडीकडे बघितलं, ऑर्विलच्या मनगटावरच्या काळ्या पट्ट्याकडे बघितलं, आणि होडी कुणाकडे चालली होती आणि का, ते त्याला एका दमात कळलं. तो उठला. त्याने मिठाचा डबा घेतला, फडकं घेतलं आणि हात पुढे केला. डोळे ओले होते आणि आवाज पूर्वीसारखा कर्कश.

"आण ती कढई इकडे, उतावळ्या. आणि पुढच्या शनिवारी माझ्या होडीत बसलास तर कान झाकून बसेन मी, आधीच सांगून ठेवतो."